कोणाचा शब्द तिरका?

मराठी पुस्तकाच्या शेवटी कधीकधी दोन-चार पानांची शब्दसूची असते. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. बहुतेक वाचक तिकडे फिरकत नाहीत आणि फिरकले तरी अडलेला शब्द पाहून लगेच परत येतात. मुद्दाम वाचायला म्हणून ती पानं कोणी उघडत नाही. तरीही त्या पानांवर काही निर्णय झालेले असतात. कोणाचा शब्द समजावून सांगायचा, कोणाचा नाही, आणि सांगताना त्याला कुठला वेश चढवायचा, हे कोणीतरी ठरवलेलं असतं.

समजा, वऱ्हाडातल्या एका लेखकाचा कथासंग्रह छापायचा आहे आणि शेवटी शब्दसूची द्यायचं ठरलंय. वावर, धुरा, डवरा, पऱ्हाटी, काऊन असे शब्द तिच्यात जातील. वावर म्हणजे शेत, धुरा म्हणजे शेताचा बांध, काऊन म्हणजे का. आता याच कथांमध्ये ट्रॅक्टर आहे, मोबाईल आहे, बँकेचा मॅनेजर आहे, लोनचा हप्ता आहे. यातला एकही शब्द सूचीत जाणार नाही. कोणी ठरवून वगळणार नाही. ते तिथे असावेत असं कोणाच्या मनातच येणार नाही. प्रस्तावनेत एखाद्या प्राध्यापकांनी 'उपोद्घात' किंवा 'अस्तित्वभान' असे शब्द वापरले असतील, तर तेही सूचीत नसतील. अमरावतीजवळच्या गावातल्या वाचकाला वावर सांगावं लागत नाही. तो अडलाच तर 'अस्तित्वभाना'पाशी अडेल. म्हणजे सूची तयार होण्याआधीच तिचा वाचक ठरून गेलेला असतो. त्याला थोडं इंग्रजी येतं, थोडं संस्कृत येतं, पण चार जिल्हे पलीकडची मराठी येत नाही.

इथवरचं बोलणं बऱ्याच जणांनी बऱ्याचदा केलंय. मला बोलायचंय ते पुढच्या पायरीबद्दल. सूचीत आलेल्या शब्दांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला छपाईत वेगळं रूप द्यायचं, ही ती पायरी. वरवर पाहता हे निव्वळ तांत्रिक काम आहे. पण या कामात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो शब्दांपुरता राहत नाही.

*

आधी काम कसं चालतं ते पाहू. छापखान्यात जुळारी हाताने खिळे जुळवायचा, तेव्हा अक्षराचं वळण बदलायचं म्हणजे दुसऱ्या केसमधले खिळे घ्यायचे. प्रत्येक ठळक शब्द म्हणजे जास्तीचे कष्ट. त्यामुळे वेश बदलण्याला आपोआपच एक मर्यादा होती. आता ती नाही. विद्यापीठांत, विशेषतः गणित आणि विज्ञानाच्या लिखाणासाठी, 'लाटेक' नावाची अक्षरजुळणीची प्रणाली वापरतात. तिच्यासाठी निकोला टॅल्बट यांनी शब्दसूचीची दोन पॅकेजेस लिहिली आहेत, 'ग्लॉसरीज' आणि त्याचा विस्तार 'ग्लॉसरीज-एक्स्ट्रा'. या विस्तारात प्रत्येक नोंदीला एक कॅटेगरी देता येते. ही लघुरूपं, ही चिन्हं, हे परिभाषिक शब्द. मग एका ओळीत सांगायचं की अमुक कॅटेगरीतल्या नोंदींचं नाव ठळक छाप, तमुक कॅटेगरीचं वर्णन तिरकं छाप. लघुरूप असेल तर मजकुरात पहिल्यांदा येताना पूर्ण रूप दाखव, नंतर फक्त लघुरूप. पुस्तकात हजार नोंदी असोत की दहा हजार, ती एक ओळ बदलली की सगळ्यांचा वेश बदलतो.

या रचनेतल्या तीन गोष्टी लक्षात ठेवू. एक, प्रत्येक नोंदीला एका वेळी एकच कॅटेगरी असते. दोन, तुम्ही काहीच सांगितलं नाही तर नोंद 'जनरल' या कॅटेगरीत जाते. तीन, कॅटेगरी कोणती आणि ती कागदावर कशी दिसणार, या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेल्या असतात. नोंदीजवळ फक्त कॅटेगरीचं नाव असतं. तिचा वेश दुसरीकडे ठरतो.

महाराष्ट्रात दहावी-बारावी करून प्रवेशाचे फॉर्म भरलेल्या कोणालाही 'कॅटेगरी' आणि 'जनरल' हे शब्द एकत्र आले की शब्दसूची आठवत नाही. आपल्याकडे कॅटेगरी विचारली की उत्तर काय द्यायचं असतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. तिकडे आपण येऊच. पण आधी एक गोष्ट मान्य करू: वर्गवारी आणि तिच्यानुसार बदलणारं रूप, यात मुळातच काही वाईट आहे असं नाही.

*

भौतिकशास्त्राचं पुस्तक घ्या. रोमन 'एम' हे अक्षर तिरकं छापलं तर त्याचा अर्थ वस्तुमान. तेच अक्षर सरळ छापलं तर मीटर. राशींची चिन्हं तिरकी, एककांची सरळ, हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. इथे तिरकेपणाला अर्थ आहे. तो काढला तर वाचक गोंधळेल, परीक्षेत चुकेल. शब्दसूचीत चिन्हं वेगळी, लघुरूपं वेगळी आणि संज्ञा वेगळ्या दाखवल्या तर शोधणाऱ्याचा वेळ वाचतो. इथे कोणी कोणाच्या वर नाही. वस्तुमान मीटरपेक्षा खालच्या दर्जाचं आहे असं कोणाला वाटत नाही आणि मीटरलाही कधी वाईट वाटत नाही.

गंमत म्हणजे तिरकं अक्षर जन्माला आलं तेव्हा त्याचा वेगळेपणा दाखवण्याशी काही संबंध नव्हता. व्हेनिसमध्ये आल्डस मानुशियस या प्रकाशकाने १५०१ साली व्हर्जिलचं एक छोटेखानी पुस्तक काढलं. ते सगळंच्या सगळं तिरक्या अक्षरांत होतं. फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरलेलं हे वळण त्या काळच्या सुशिक्षितांच्या हस्ताक्षरावर बेतलेलं होतं. पुढे सरळ आणि तिरकी अक्षरं एकाच पानावर येऊ लागली. सरळ अक्षर नेहमीचं ठरलं आणि तिरकं अपवादाचं. इंग्रजी छपाईत मग जोर द्यायचा शब्द तिरका, पुस्तकाचं नाव तिरकं आणि परक्या भाषेतला शब्द तिरका असे संकेत रुळले. आपल्या कथा-कादंबऱ्या इंग्रजीत जातात तेव्हा भाकरी, ओसरी, वहिनी हे शब्द बऱ्याचदा तिरके होतात. वाक्यातली सगळी माणसं उभी असतात आणि भाकरी तेवढी कलते. जुनो डियासने आपल्या इंग्रजी कथांतले स्पॅनिश शब्द तिरके करायला नकार दिला, तो यासाठीच. त्याच्या पात्रांच्या घरात दोन्ही भाषा नांदतात. त्यांतली एक पाहुणी असल्याचं छपाईने का जाहीर करावं?

मीटर आणि भाकरी यांच्यात फरक काय? दोन्हीकडे वर्ग आहे, दोन्हीकडे वर्गानुसार रूप आहे. पण मीटरच्या मागे कोणी माणूस उभा नाही आणि भाकरीच्या मागे आहे. शब्द माणसांचे असले की त्यांच्या वर्गवारीत माणसांची वर्गवारी शिरतेच. ती शिरते हे नाकारून काही साधत नाही, उलट ती कशी शिरते ते नीट पाहायला हवं.

*

त्यासाठी छपाईच्याही मागे जाऊ. 'अमरकोश' हा संस्कृतमधला सर्वांत प्रसिद्ध शब्दसंग्रह. पूर्वी पाठशाळेत मुलं तो पाठ करत. त्याच्यापाशी ठळक टाइप नव्हता, रंग नव्हते, पान नसलं तरी चालत होतं; सगळं पद्यात. तरीही अमरसिंहाने सुरुवातीलाच सांगून टाकलंय की शब्दाचं लिंग कुठे त्याच्या रूपावरून, कुठे शेजारच्या शब्दावरून, तर कुठे स्पष्ट उल्लेखावरून ओळखायचं. म्हणजे खुणांचे नियम आधी, शब्द नंतर. शब्दसूचीच्या कामातली ही शिस्त अजून शिकण्यासारखी आहे.

पण त्याच अमरकोशात शब्दांचे वर्ग आहेत. दुसऱ्या कांडात भूमी, पुर, शैल, वनौषधी, सिंहादी असं करत मनुष्यवर्ग येतो आणि त्यानंतर ब्रह्मवर्ग, क्षत्रियवर्ग, वैश्यवर्ग, शूद्रवर्ग. शब्दांची मांडणी समाजाच्या उतरंडीप्रमाणे. शूद्रवर्गात काय आहे? कुंभार, विणकर, चांभार, सोनार असे कारागीर आहेत, त्यांची अवजारं आहेत. आणि त्याच वर्गात चोराचे प्रतिशब्द आहेत, मद्याचे आहेत, जुगाराचे आहेत. कोणाचीही निंदा करणारं वाक्य तिथे नाही. फक्त शेजार आहे. पण पाठ करणाऱ्या मुलाच्या डोक्यात माग, मडकं, चोरी आणि दारू हे एकाच खणात जाऊन बसतात, आणि शिकवणाऱ्याला त्याबद्दल एक शब्दही बोलावा लागत नाही. वर्गवारीचं बळ असं असतं. ती आपलं म्हणणं मांडत नाही, त्यामुळे तिच्याशी वाद घालायची जागाच सापडत नाही.

आपल्या इतिहासात याहून वेगळं उदाहरणही आहे. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंडितांच्या नावाने ओळखला जाणारा 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणं हा त्याचा हेतू. सुमारे १४०० शब्द आणि दहा वर्ग: राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग वगैरे. इथले वर्ग माणसाच्या जन्मावर बेतलेले नाहीत, कामाच्या ठिकाणावर बेतलेले आहेत. किल्ल्यावरच्या माणसाला किल्ल्याचे शब्द एका जागी मिळावेत, कारकुनाला लिखापढीचे. कोशाच्या मूळ हेतूबद्दल, म्हणजे शब्द हटवण्याबद्दल, आज आपण वाद घालू शकतो. आपल्या तोंडी अजून किल्ला आहे, तोफ आहे, जमीन आहे, कागद आहे. ते कुठे गेले नाहीत. पण त्याचे वर्ग कोणासाठी पाडले होते, या प्रश्नाला सरळ उत्तर देता येतं: वापरणाऱ्यासाठी. अमरकोशातल्या शूद्रवर्गाबद्दल तसं म्हणता येत नाही. तो वर्ग कुंभाराच्या सोयीसाठी पाडलेला नव्हता.

*

शब्दसूची कुठपर्यंत जाऊ शकते याचं सर्वांत कठोर उदाहरण कंपनी सरकारच्या काळातलं आहे. विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने १८३६ साली कलकत्त्याला 'रामसीआना' नावाचं पुस्तक छापलं. ठगांच्या सांकेतिक भाषेचा तो शब्दसंग्रह होता. कोश सहसा एकमेकांशी बोलता यावं म्हणून असतो. हा माणसं ओळखून पकडता यावीत म्हणून होता. ठग ही टोळी जशी सांगितली गेली तशी खरोखर कितपत होती आणि कितपत ती सरकारी कागदांवर घडली, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. पण सरकारच्या दृष्टीने त्या यादीतला शब्द ज्याच्या तोंडी, तो माणूस संशयित होता.

पुढे १८७१ मध्ये 'क्रिमिनल ट्राइब्ज' कायदा आला आणि अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवून नोंदवता येऊ लागल्या. १९११ च्या कायद्याने मुंबई आणि मद्रास इलाखेही त्याच्या कक्षेत आले. नोंद झालेल्यांना हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला परवानगी लागे. १९०८ साली मुंबई इलाख्यातल्या अशा जमातींवर एम. केनेडी या पोलीस अधिकाऱ्याचं पुस्तक निघालं. त्यात जमातवार माहिती आहे: दिसतात कशा, राहतात कुठे, आणि बोलतात कशा. त्यांच्या बोलीतले शब्द अर्थासह दिले आहेत. घरात आई मुलाला जे शब्द बोलत असेल, ते इथे 'चोरांची भाषा' या खणात आले. शब्द तोच, अर्थही कदाचित बरोबर. फक्त कॅटेगरी बदलली आणि बोलीची पुराव्यात गणना झाली.

कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. कॅटेगरी मात्र लोकांच्या डोक्यातून तेवढ्या सहज रद्द झाली नाही. मराठी वाचकाला हे माहीत आहे, कारण ते ज्यांनी भोगलं त्यांनी लिहून ठेवलंय. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० चं, लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' १९८७ चं. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ही दोन शीर्षकं शेजारी ठेवून पाहा. उपरा म्हणजे बाहेरचा. उचल्या म्हणजे उचलेगिरी करणारा, आणि तेच एका जमातीचं नाव. दोन्ही शब्द इतरांनी लावलेले शिक्के आहेत. लेखकांनी ते उचलून पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ठेवले. जो शब्द दुसऱ्याच्या यादीत वर्गाचं नाव होता, तो इथे स्वतः नोंद झाला आणि पुढची दीड-दोनशे पानं त्याचा अर्थ सांगण्यात गेली. इयान हॅकिंग या तत्त्वज्ञाने म्हटलंय की दगडांचं वर्गीकरण केलं तर दगडांना काही फरक पडत नाही, माणसांना पडतो. ज्याला वर्गात टाकलं तो त्या वर्गाला उत्तर देतो, कधी तसा होत जाऊन, कधी तो वर्ग उलटवून. 'उचल्या' हे असं एक उत्तर आहे.

*

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, मग सोडूनच द्या ना. खुणा नकोत, वर्ग नकोत, तिरकं नको. सगळे शब्द एकाच वळणात, अकारविल्हे. समता.

मला हे पटत नाही. कारणं दोन.

पहिलं कारण कोशातलं. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३० च्या दशकात सात खंडांत निघाला. त्यात शब्दापुढे कंसात खुणा येतात: (व.) म्हणजे वऱ्हाडी, (गो.) म्हणजे गोमंतकी, (ल.) म्हणजे लाक्षणिक अर्थ. या खुणा पुसल्या तर वऱ्हाडी शब्द कोशात राहील, पण वऱ्हाडी म्हणून दिसणार नाही. उद्या कोणी वऱ्हाडीवर काम करायला बसलं तर त्याला ती खूण हवी आहे. ज्याची बोली शाळेत 'अशुद्ध' म्हणून दुरुस्त केली गेली, त्याला एवढ्या मोठ्या कोशात ती तिच्या नावानिशी सापडणं ही लहान गोष्ट नाही. शिवाय काही शब्दांवर खूण नसणं धोक्याचं असतं. जातीवरून हिणवणारे शब्द जुन्या कथा-कादंबऱ्यांत सर्रास येतात. सूचीत अशा शब्दाचा नुसता अर्थ दिला आणि 'अपमानकारक' असं नोंदवलं नाही, तर अठरा वर्षांचा वाचक तो साधा शब्द समजून वापरेल. तिथे खूण न देणं म्हणजे ज्याला तो शब्द लागतो त्याच्याशी बेपर्वाई.

दुसरं कारण प्रवेशाच्या फॉर्ममधलं. जात विचारूच नका, सगळे सारखे, असं म्हणणं सोपं आहे, विशेषतः ज्याला जात कधी कोणी विचारली नाही त्याला. पण कोणाला किती शतकं वर्गाबाहेर बसवलं, हे नोंदवल्याशिवाय त्याची भरपाई करता येत नाही. आरक्षणासाठी, शिष्यवृत्तीसाठी वर्ग लिहावाच लागतो. अन्याय वर्ग पाडून झाला आणि त्याची दुरुस्तीही वर्ग पाहूनच करावी लागते. ही अडचण खरी आहे आणि ती शब्दांच्या समतेने सुटत नाही.

*

मग तोल कुठे साधायचा? इथे त्या लाटेकच्या पॅकेजातली तिसरी गोष्ट उपयोगी पडते. वर्ग नोंदवणं एकीकडे, वर्ग दाखवणं दुसरीकडे. प्रोग्रॅमर हे सोयीसाठी वेगळं ठेवतात. मला वाटतं, नीतीच्या दृष्टीनेही ते वेगळं ठेवायला हवं. या दोन स्वतंत्र कृती आहेत आणि प्रत्येकीसाठी स्वतंत्र कारण द्यावं लागतं. एकीचं कारण दुसरीला चालत नाही.

शिष्यवृत्तीच्या कार्यालयात विद्यार्थ्याचा प्रवर्ग नोंदवलेला असणं, याला कारण आहे. वर्गात साठ मुलांसमोर "कॅटेगरीवाल्यांनी हात वर करा" म्हणणं, याला ते कारण पुरत नाही. नोंद तीच, माहिती तीच, पण दुसऱ्या प्रसंगी ती माहिती त्या मुलाच्या कामाची राहत नाही, ती बघणाऱ्यांच्या कामाची होते. हात वर करणाऱ्यांना हा फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही.

शब्दसूचीत हेच लावून पाहा. फाइलमध्ये 'वावर' या नोंदीला वऱ्हाडी हा वर्ग द्यावा. अभ्यासकाला, पुढच्या आवृत्तीला, उद्याच्या कोशाला त्याचा उपयोग आहे. पण छापताना वऱ्हाडी शब्द तिरके आणि बाकीचे सरळ करायचे असतील तर विचारायला हवं की या तिरकेपणाने वाचकाला नेमकं काय कळतं. भौतिकशास्त्रातल्या तिरक्या 'एम'सारखी काही माहिती मिळते, की फक्त 'हा आपल्यातला नाही' एवढंच कळतं? पूर्ण संग्रहच वऱ्हाडीत असेल तर वऱ्हाडी हा तिथला सामान्य वर्ग आहे. वेगळं दाखवायचंच असेल तर बँकेच्या मॅनेजरचे शब्द दाखवावेत.

इथे 'जनरल'चा मुद्दा येतो. पॅकेजात ज्याच्यापुढे काही लिहिलं नाही तो जनरल. कोशातही तसंच: ज्या शब्दापुढे प्रदेशाची खूण नाही तो सगळ्यांचा, असं वाचक न सांगता समजतो. रिकामी जागा ही इतकी मोठी सवलत आहे आणि जिला ती मिळते तिला ती सवलत वाटतही नाही. यावर साधा उपाय आहे. वर्ग दाखवायचे असतील तर सगळ्यांचे दाखवा. (व.) असेल तर (पु.) पण असू द्या. एखादा शब्द पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या घरांतच चालत असेल, तर तसं लिहा. 'बोली' असा एक वर्ग आणि बाकी सगळं बिनखुणेचं, असं नको. प्रमाण मराठी हीसुद्धा कुठेतरी, कोणाच्या तरी घरी बोलली जाणारी मराठीच आहे.

आणि एका नोंदीला एकच कॅटेगरी, याचं काय? 'उचल्या' हा शब्द कुठे टाकाल? जमातीचं नाव, शिवी, पोलिसी संज्ञा, पुस्तकाचं शीर्षक, स्वतःहून मिरवलेली ओळख. तो हे सगळं आहे. यंत्राला एकच उत्तर लागतं, म्हणून शब्दाचं आयुष्य एकेरी होत नाही. अशा वेळी वर्ग मुकाट्याने निवडून मोकळं होऊ नये. वर्णनात चार ओळी जास्त लिहाव्यात आणि तो कोणी, कोणाला, कधी म्हटलं ते सांगावं. जिथे खण पुरत नाही तिथे वाक्य लिहावं लागतं. त्यात श्रम आहेत आणि ते टाळण्याचा मोह मोठा आहे, कारण खण तयार असतो.

पण नोंद आत ठेवली, बाहेर दाखवली नाही, की सगळं ठीक झालं असंही नाही. केनेडीचं पुस्तक चारचौघांसाठी नव्हतंच, ते पोलिसांसाठी होतं. गुन्हेगार जमातींची नोंदवही गावात वाचून दाखवत नव्हते. तरी तिच्यातल्या नावावर माणसाचं आयुष्य बांधलं गेलं. आत ठेवलेल्या वर्गाला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ज्याच्याबद्दल ही नोंद आहे, त्याला ती पाहता येते का, आणि 'हे चुकीचं आहे' म्हणता येतं का? वऱ्हाडी लेखकाला शब्दसूचीची फाइल दाखवावी. फक्त छापील पान पुरत नाही, आतली वर्गांची नावंही दाखवावीत. तिथे 'ग्राम्य' असं लिहिलेलं असेल तर त्याला ते खोडता आलं पाहिजे.

*

हे सगळं अक्षरजुळणी करणाऱ्यांपुरतं आहे असं वाटत असेल, तर हातातल्या फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट उघडून पाहा. मित्र त्यांच्या नावांनी आहेत, नातेवाईक नात्यांनी. मग खाली जा: प्लंबर, दूधवाला, गॅसवाला, कामवाल्या मावशी, प्लंबर २, रिक्षा स्टेशन. ही प्रत्येकाची छोटी शब्दसूची आहे. काही नोंदींना नाव आहे, काहींना फक्त वर्ग. सोय म्हणून केलेलं असतं आणि सोय खरीही आहे. नळ गळत असताना प्लंबरचं नाव आठवत बसायला वेळ नसतो. या सूचीतही नोंदवणं आणि दाखवणं वेगळं करता येतं. नावाच्या रकान्यात नाव, आणि काम खालच्या रकान्यात. शोधताना दोन्ही सापडतात. फोन वाजला की मात्र स्क्रीनवर आधी नाव दिसतं.

त्यासाठी नाव माहीत असावं लागतं. माहीत नसेल तर विचारावं लागतं, आणि वर्गवारीने आपला जो वेळ वाचवला होता, त्यातला थोडा तिथे जातो.